तार सुटली, आता उजेड कुठे उभा करायचा?

फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरून उतरवून बाजूला उभा करायला हवा, याबद्दल या मामा-भाचीत वाद नाही. समोरून फ्लॅश मारला की नाकाची सावली जाते, चेहरा सपाट होतो, शालूची जर उठत नाही, हे दोघंही जाणतात. वाद आहे तो त्या बाजूला ठेवलेल्या फ्लॅशला कॅमेऱ्याचा निरोप कसा पोचवायचा यावर. मामांचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ. यशिकाचा दोन लेन्सांचा कॅमेरा, १२० ची फिल्म, एका रोलला बारा फोटो, या हिशेबानं त्यांनी लग्नं काढली. भाची पुण्यात लग्नांचीच कामं करते आणि तिच्या बॅगेत तार नावाची वस्तू नाही, रेडिओ ट्रिगरचं डबडं आहे. लग्न नात्यातलं, म्हणून यावेळी दोघं एकत्र. आदल्या संध्याकाळी मंगल कार्यालयात स्टँड लावता लावता त्यांचं हे बोलणं झालं. काठीला फ्लॅश बांधून उभा असलेला लाइटमन पोरगा शेजारीच होता.

मामा : ते डबडं बाजूला ठेव आणि ही सिंक कॉर्ड घे. पाच मीटरची आहे. एक टोक कॅमेऱ्याला, दुसरं फ्लॅशला. मध्ये काही नाही. जे नाहीच, ते बिघडणार कुठून?

भाची : मध्ये पाहुणे आहेत, मामा. उद्या या पाच मीटरवरून अख्खं गणगोत जाणार. एखादी आत्या अडखळली तर स्टँड थेट नवरीच्या अंगावर.

मामा : आम्ही गालिच्याखालून न्यायचो. वरून टेप मारायची.

भाची : म्हणजे गालिचा संपेल तिथे उजेड संपला. माझी तक्रार अडखळण्याबद्दल नाहीच. लाइट कुठे ठेवायचा हे तुम्ही ठरवत नव्हता, तार ठरवत होती. आता ग्रुप फोटोच घ्या. स्टेजवर दोन ओळी, पुढे बसलेले, मागे उभे. दोन ओळींत मीटरभर अंतर. लाइट पुढच्या ओळीपासून एका मीटरवर असेल तर मागची ओळ दोन मीटरवर. अंतर दुप्पट, उजेड चौथाई, म्हणजे दोन स्टॉप कमी. पुढच्या काकू पांढऱ्याफटक आणि मागचे काका अंधारात. तोच लाइट चार मीटरवर नेला, तर मागची ओळ पाचवर. फरक स्टॉपच्या दोन-तृतीयांशाइतका, डोळ्याला खुपत नाही. पण चार मीटर लांब आणि वर उंच स्टँडवर न्यायचा, तर तुमची पाच मीटरची कॉर्ड कॅमेऱ्यापर्यंत येतच नाही.

मामा : हे गणित मला शिकवू नकोस, मी ते फिल्मचे पैसे भरून शिकलोय. लांब न्यायचा असेल तर तार लागते असं कोण म्हणालं? स्लेव्ह होता की. नखाएवढा डोळा. मुख्य फ्लॅश उडाला की तो उजेड बघून दुसऱ्याला उडवायचा. त्याला ना चॅनल, ना मेन्यू.

भाची : आणि तो डोळा कुणाचा उजेड बघायचा?

मामा : ज्याचा पडेल त्याचा.

भाची : हेच तर. तुमच्या काळी हॉलमध्ये फ्लॅश एकट्या फोटोग्राफरकडे असायचा. आज नवऱ्याच्या मित्राकडे कॅमेरा, चुलतभावाकडे कॅमेरा. प्रत्येकाच्या क्लिकला तुमचा स्लेव्ह उडणार. आणि तुम्ही बटण दाबाल तेव्हा तो चार्ज होत बसलेला असणार. दुपारी बाहेर उन्हात तर त्या डोळ्याला फ्लॅश दिसतच नाही. शिवाय आजचे कॅमेरे टीटीएलवर, म्हणजे फ्लॅशची ताकद स्वतः ठरवायच्या सेटिंगवर, असले की खऱ्या फ्लॅशच्या आधी एक बारीक चाचणीचा फ्लॅश मारतात. साधा स्लेव्ह त्या चाचणीलाच खरं मानून मोकळा होतो.

मामा : त्यावर तोडगा आहे. तुमच्याच फ्लॅशवर एस-वन आणि एस-टू असतात ना? एस-टू तो पहिला फ्लॅश सोडून देतो.

भाची : बघा, तुम्हाला सगळं माहीत आहे!

मामा : दुकान चालवायचं म्हणजे माहिती ठेवावी लागते. वापरावंच असं नाही.

भाची : उजेडानं उजेडाला हाक मारायची पद्धत मोठ्या कंपन्यांनीही बरीच वर्षं ताणली. कॅननने १९९८ ला ५५०ईएक्स फ्लॅशबरोबर बिनतारी टीटीएल आणलं, निकॉनने २००३ ला एसबी-८०० बरोबर आपली यंत्रणा आणली. दोन्हीकडे निरोप जायचा तो प्रकाशाच्या ठिपक्यांतूनच. घरात ठीक. पण मध्ये खांब आला, सॉफ्टबॉक्सच्या कापडानं डोळा झाकला किंवा फ्लॅशची पाठ फिरली की संपलं. रेडिओला खांबाची, कापडाची, उन्हाची पर्वा नाही. अमेरिकेतले व्यावसायिक पॉकेटविझार्ड या रेडिओ ट्रिगरवर आधीच गेले होते. कॅननने रेडिओ थेट फ्लॅशच्या पोटात घातला तो २०१२ मध्ये, ६००ईएक्स-आरटीत. निकॉनला एसबी-५००० साठी २०१६ उजाडलं. आणि तालुक्याच्या फोटोग्राफरला परवडेल असा ट्रिगर दिला तो योंगनुओ, गोडॉक्स या चिनी कंपन्यांनी.

मामा : पर्वा नाही म्हणतेस. त्या पॉकेटविझार्डचाच किस्सा सांगतो. २००९ ला त्यांनी कॅननसाठी नवा टीटीएलवाला ट्रिगर काढला. अमेरिकेत तो ३४४ मेगाहर्ट्झवर चालायचा. निघालं काय, तर कॅननचे काही फ्लॅश स्वतःच त्या पट्ट्यात रेडिओचा गोंगाट करत होते. फ्लॅशच्याच पायाशी रिसीव्हर, आणि फ्लॅशच त्याच्या कानात ओरडतोय. पल्ला पार आखडला. शेवटी फ्लॅशला अंगरख्यासारखं कापडी आवरण चढवायची वेळ आली. तारेला असं काही चढवावं लागत नाही.

भाची : खरं आहे. म्हणून तर मंडळी २.४ गिगाहर्ट्झवर आली. आपल्याकडे तो पट्टा २००५ पासून विनापरवाना वापराला मोकळा आहे. फ्लॅशची खरखर तिथे फारशी पोचत नाही. थांबा, दाखवतेच.

(भाचीनं कॅमेऱ्यावर ट्रिगर सरकवला, कडी फिरवली आणि चाचणीचं बटण दाबलं. पोराच्या काठीवरचा फ्लॅश उडाला. त्याच क्षणी हॉलच्या दुसऱ्या टोकाला, वरपक्षाच्या फोटोग्राफरनं लावून ठेवलेला सॉफ्टबॉक्सही उडाला. तिकडे वायरी गुंडाळणारा माणूस दचकून मागे वळला.)

मामा : पोचलं की! खालच्या आळीपर्यंत पोचलं.

भाची : त्यांचाही गोडॉक्स, माझाही गोडॉक्स. दोघांचाही चॅनल खोक्यातून निघाला तसाच, एक नंबर.

मामा : म्हणजे चाळीतल्या सगळ्या खोल्यांना एकच किल्ली. स्लेव्हला नावं ठेवत होतीस ना? तो निदान उजेड बघून फसायचा. हा न बघताच फसतो.

भाची : किल्ली बदलता येते, मामा. यात बत्तीस चॅनल आहेत. वर आयडी म्हणून वेगळा आकडा आहे, १ ते ९९. चॅनल एकच निघाला तरी आयडी जुळल्याशिवाय फ्लॅश ऐकणार नाही. हे केलं १७ नंबरला आणि आयडी ४२. आता फ्लॅशवर तेच दोन आकडे. दाबते हं. बघा, तिकडचा गप्प. नव्या ट्रिगरमध्ये मोकळा चॅनल हुडकून देणारी सोयही असते. स्लेव्हला असं सांगता येईल का, की फक्त माझाच उजेड बघ?

मामा : नाही सांगता येत. पण हे तू आत्ता केलंस, आदल्या संध्याकाळी, रिकाम्या हॉलात. किती जण करतात? उद्या मुहूर्ताला हॉल भरेल. एलईडी वॉल असेल, कार्यालयाचं वायफाय असेल, वर ड्रोन. सगळे त्याच पट्ट्यात गर्दी करणार.

भाची : वायफायपेक्षा माणसांची गर्दी जास्त नडते. २.४ ची लहर साडेबारा सेंटिमीटरची, आणि पाणी ती पिऊन टाकतं. माणूस म्हणजे बरंचसं पाणीच. रिकाम्या हॉलात शंभर मीटरचा दावा करणारा ट्रिगर भरल्या मांडवात कमरेच्या उंचीवर ठेवला तर पंधरा मीटरवर अडखळू शकतो. म्हणून रिसीव्हर माणसांच्या डोक्यांच्या वर. काठी उंच धरली की अर्धे प्रश्न तिथेच मिटतात. एलईडी वॉलच्या लोखंडी सांगाड्याला चिकटून स्टँड लावायचा नाही. आणि उलटी गंमत म्हणजे अगदी जवळ, हातभर अंतरावर धरला तरी काही ट्रिगर गडबडतात. सिग्नल झेपत नाही इतका मोठा होतो. त्यासाठी मेन्यूत जवळच्या अंतराची वेगळी सेटिंग असते.

मामा : आणि एवढं करून नाहीच उडाला तर?

भाची : तर दहापैकी नऊ वेळा दोष रेडिओचा नसतोच. ट्रिगरचे सेल उतरलेले, ट्रिगर हॉट शूमध्ये पुरता सरकलेला नाही, नाहीतर फ्लॅश झोपलेला. फ्लॅश सेल वाचवायला काही मिनिटांनी आपोआप झोपतो. गुरुजींचे मंत्र लांबले की तो झोपणारच. मी ती झोप मेन्यूतून बंदच करून टाकते.

मामा : कॉर्डला झोप येत नव्हती.

भाची : कॉर्डचं टोक सैल व्हायचं, मामा. आईनं सांगितलंय मला. तुम्ही पक्कडीनं ते गोल टोक दाबून घट्ट करायचात, दर लग्नाला.

मामा : तुझ्या आईला नको त्या गोष्टी लक्षात राहतात. बरं, ते सोड. आता वेळेचं बोलू. तारेतून निरोप जायला वेळ लागत नाही. या रेडिओला लागतो.

भाची : लागतो, पण किती? पडद्याच्या शटरमध्ये दोन पडदे. पहिला पुढून सरकतो, दुसरा मागून येऊन झाकतो. सेन्सर एकाच वेळी पूर्ण उघडा असतो तो १/२०० किंवा १/२५० पर्यंतच. त्या उघड्या क्षणात फ्लॅश पडायला हवा. स्वस्तातला, हळू ट्रिगर असेल तर निरोप पोचेपर्यंत दुसरा पडदा निघालेला असतो, आणि फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येते. उपाय सोपा. १/१६० वर या, नाहीतर १/१२५ वर. हॉलमध्ये त्यानं काही बिघडत नाही.

मामा : हॉलमध्ये नाही. पण तुमचं ते लग्नाआधीचं शूटिंग? भर उन्हात, मागची टेकडी धूसर हवी म्हणून लेन्स सताड उघडी?

भाची : तिथे मग हाय स्पीड सिंक. आयएसओ १०० ला उन्हात १/२०० वर छिद्र येतं एफ ११. ते एफ २.८ करायचं तर चार स्टॉप, म्हणजे शटर १/३२०० वर न्यावं लागतं. तेव्हा सेन्सर पूर्ण कधी उघडतच नाही, नुसती फट सरकत जाते. म्हणून फ्लॅश एकच ठोका न देता फट सरकत असेपर्यंत भराभर ठोके देत राहतो. नेमका कधी सुरू करायचा आणि किती वेळ चालवायचा, हे ट्रिगरला कॅमेऱ्याकडून समजून घ्यावं लागतं. तुमची साधी दोन वायरींची कॉर्ड फक्त ‘आता’ एवढंच म्हणू शकते. तिला यातलं काहीच सांगता येत नाही.

मामा : आणि त्या भराभर ठोक्यांत फ्लॅशची ताकद किती उरते?

भाची : दोन स्टॉप तरी जातातच, कधी जास्त. छोटा फ्लॅश दोन मीटरच्या पुढे दम टाकतो.

मामा : माझ्या यशिका मॅट-१२४जीमध्ये शटर लेन्सच्या आत होतं, पाकळ्यांचं. १/५०० पर्यंत कुठल्याही वेगाला फ्लॅश पुरता पडायचा. ताकदीत एका पैशाची घट नाही. त्या कॅमेऱ्याला हाय स्पीड सिंक हा शब्दच नको होता. तुम्ही पडद्याचं शटर घेतलंत, त्यानं अडचण केली, मग अडचणीवर यंत्र काढलंत आणि त्या यंत्राचं कौतुक करताय. मी काय केलं असतं? जोडप्याला झाडाच्या सावलीत घेतलं असतं.

भाची : सावली चांगली, पण टेकडी उन्हातच राहते. सावलीतला चेहरा आणि उन्हातली टेकडी यांत तीन स्टॉपांचा फरक. एक सांभाळायला गेलं की दुसरं हातचं जातं. तो फरक भरून काढायलाच फ्लॅश.

मामा : असू दे. माझं खरं भांडण रेडिओशी नाहीच. रेडिओबरोबर जे पाहुणे आलेत, त्यांच्याशी आहे. तुम्ही निरोप पाठवायला ट्रिगर घेता आणि विचारही त्यालाच करायला लावता. ते टीटीएल. कॅमेरा चाचणीचा फ्लॅश मारणार, परत आलेला उजेड मोजणार आणि ठरवणार की किती पॉवर द्यायची. उद्या अंतरपाट धरतील ना, तेव्हा लाव टीटीएल.

भाची : तिथे नाही लावणार.

मामा : का नाही, ते या पोराला सांग. तो काठी धरून उभा असतो, त्याला कळायला हवं.

भाची : ऐक रे. अंतरपाट पांढरा, वर कुंकवाचं स्वस्तिक. फोटोच्या मधोमध ते पांढरं कापड. टीटीएल त्या कापडावरून परत आलेला उजेड मोजतं आणि म्हणतं, बाप रे, फार झाला, पॉवर कमी करा. कापड ठीक येतं, नवरा-नवरीचे चेहरे काळवंडतात. मग मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला. आता समोर नवरीचा गडद हिरवा शालू आणि नवऱ्याचा काळा कोट. टीटीएल म्हणतं, अंधार फार, वाढवा पॉवर. चेहरे जळतात. जागा तीच, माणसं तीच, लाइटपासूनचं अंतरही तेच. बदललं फक्त कापड. मॅन्युअलवर १/८ म्हटलं की अंतरपाट असो वा नसो, चेहऱ्यावर उजेड तेवढाच.

मामा : अगदी बरोबर बोललीस. मग टीटीएलचे पैसे कशाला भरलेस?

भाची : वरात मांडवात शिरते तेव्हा. नवरा घोड्यावरून उतरून माझ्याकडे चालत येतो, पोरगा त्याच्या बाजूनं चालतो, अंतर पावलागणिक बदलतं. तिथे हिशेब करत बसले तर क्षण गेला. आणि नव्या जागी पहिला अंदाज घ्यायलाही. एक फोटो टीटीएलवर काढायचा, त्यानं दिलेली पॉवर चांगली वाटली तर एक बटण दाबून तीच मॅन्युअलमध्ये पक्की करायची. तेवढी सोय या ट्रिगरवर आहे. आणि मॅन्युअलची बाजू घेणारे तुम्ही एकटे नाही. छोटे फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून वापरायला ज्यानं जगभरच्या हौशी पोरांना शिकवलं, तो डेव्हिड हॉबी बाल्टिमोरच्या ‘सन’ या दैनिकाचा फोटोग्राफर होता. २००६ पासून तो लिहायला लागला. तोही मॅन्युअलपासूनच शिकवायचा.

मामा : म्हणजे बाल्टिमोरला माझं ऐकलं, पुण्यात नाही.

भाची : पुण्यात ऐकलं, म्हणून तर १/८ म्हणाले. पण मामा, मॅन्युअलची खरी मजाही रेडिओनंच दिली. तुमच्या कॉर्डवर पॉवर बदलायची तर कुणीतरी स्टँडपाशी जाऊन, तीन मीटर उंचीवरून फ्लॅश खाली घेऊन बटण फिरवायचं. म्हणून तुम्ही एकदा ठरवलेली पॉवर लग्न उठेपर्यंत बदलायचा नाहीत. मी कॅमेऱ्यावरूनच ए ग्रुप १/८, बी ग्रुप १/१६, असं बोटानं फिरवते. एक फोटो, बघितला, अर्धा स्टॉप खाली, दुसरा फोटो.

मामा : बी ग्रुप कुठे लावणार आहेस?

भाची : स्टेजच्या मागे, नवरीच्या बाजूच्या कोपऱ्यात. वरून खाली, कॅमेऱ्याच्या दिशेनं तोंड करून. फुलांच्या खांबाआड, म्हणजे फोटोत दिसणार नाही.

मामा : उलटा लाइट? कशासाठी?

भाची : अक्षतांसाठी. समोरून फ्लॅश मारला तर अक्षता मागच्या रंगीत पडद्यात हरवतात, आल्या तर पांढरी माती उधळल्यासारख्या दिसतात. तोच उजेड मागून, वरून आला की हवेतला एकेक तांदूळ कडेनं उजळतो. आणि पॉवर कमी ठेवायची. छोट्या फ्लॅशची पॉवर कमी करणं म्हणजे उजेडाचा ठोका आखूड करणं. एसबी-८०० पूर्ण पॉवरला सेकंदाचा १/१०५० इतका वेळ पेटलेला असतो, १/१६ पॉवरला १/१०९०० इतकाच. शटर १/१६० असलं तरी तांदूळ थिजवतो तो फ्लॅश. पूर्ण पॉवरवर त्याच अक्षता रेघांसारख्या ओढल्या जातील. शिवाय कमी पॉवरला चार्ज लवकर होतो. ‘शुभमंगल सावधान’नंतर दोन-तीन सेकंदांत सगळं आटपतं, तेवढ्यात मला चार-पाच फोटो हवेत.

मामा : (थोडं थांबून) हे कॉर्डनं झालं नसतं. तार स्टेजवर आडवी दिसली असती.

भाची : स्लेव्हनंही नाही. खांबाआड त्याला माझा फ्लॅश दिसला नसता.

मामा : मान्य. हे एक मान्य. आता माझं एक ऐक. तू बॅगेत पर्याय म्हणून काय ठेवलंयस?

भाची : दुसरा ट्रिगर. अगदी हाच.

मामा : तो पर्याय नव्हे. पहिला सेल उतरून बंद पडला तर दुसरा चालेल, ठीक. पण हॉलमध्ये रेडिओचाच गोंधळ झाला तर? दोन्ही एकाच कारणानं मरतील. पर्याय असा हवा, जो वेगळ्या कारणानं बंद पडतो. तारेला वायफायचा त्रास नाही. स्लेव्हला सेलचा आणि चॅनलचा त्रास नाही. उद्या मांडवात रेडिओ बसला तर कॅमेऱ्यावर छोटा फ्लॅश चढव, छताकडे तोंड कर आणि बाजूचे फ्लॅश एस-वनवर टाक. पाहुण्यांच्या क्लिकला उडतील, उडू देत. दहातले सहा तरी तुझे उडतील. शून्यापेक्षा सहा बरे.

भाची : ते बटण कुठे आहे, हे अंधारात हाताला सापडायला हवं मग.

मामा : तेच म्हणतोय. आणि स्टुडिओतला माझा जुना व्हिविटार २८३ तुझ्या नव्या कॅमेऱ्याला कॉर्डनं लावू नकोस. त्या मॉडेलच्या जुन्या नगांच्या ट्रिगरच्या टोकांवर दोनशे व्होल्टच्या पुढे असतात, आजच्या कॅमेऱ्याचं सर्किट जायचं. तो लावायचा तर तुझ्या रेडिओनंच. कॅमेरा आणि फ्लॅश यांच्यात तारेचा संबंधच उरत नाही. फक्त रिसीव्हर तेवढे व्होल्ट सोसतो का, ते त्याच्या माहितीपत्रकात बघ.

भाची : म्हणजे तुमचा जुना फ्लॅश वाचवायलाही माझंच डबडं.

मामा : मी डबड्याला वाईट म्हणत नाही, त्याच्या भरवशावर निर्धास्त होणाऱ्याला म्हणतो. आता शेवटचं. तारेचा एक फायदा तुझ्या हिशेबात आलाच नाही. तार पाच मीटरची, म्हणून लाइट धरणारा पोरगा माझ्यापासून पाच मीटरच्या आत. मी काय बघतोय ते त्याला दिसायचं. मी पुटपुटलो तरी ऐकू जायचं. हनुवटीखाली सावली आली की मी चुकचुकायचो आणि तो आपोआप लाइट खाली घ्यायचा. चार सीझन असे गेले की पोरगा स्वतः कॅमेरा घ्यायचा. आज गावात तीन स्टुडिओ आहेत, ते याच पोरांचे. तुझा पोरगा पंधरा मीटरवर, मध्ये बँडबाजा. तू काय बघतेस त्याला कळत नाही. त्याच्या हातातली काठी स्टँडपेक्षा वेगळी कशी?

भाची : स्टँड चालत नाही.

मामा : चालतो म्हणून त्याला कुठे जायचं हे कळतं, असं नाही.

भाची : हे मात्र खरं लागलं. मी त्याला ‘वर’, ‘खाली’, ‘डावीकडे’ एवढंच हातानं सांगते. का, ते कधी सांगत नाही. वेळच नसतो.

मामा : लग्नात नसतो. आत्ता आहे. कॅमेरा त्याच्या हातात दे, काठी तू धर. त्याला चार फोटो काढू दे. काठी कुठे होती तेव्हा काय झालं, हे त्याच्या डोळ्याला दिसू दे. तुझ्या रेडिओचा हाच तर मोठा फायदा, आणि तू तोच सांगितला नाहीस. आमच्या काळी लाइट हलवून बघायचा म्हणजे तार सोडवा, टेप काढा, वर फिल्मचा एक फोटो खर्च. म्हणून आम्ही हलवून बघतच नव्हतो. शिकलेली जागा पकडून ठेवायचो. तुम्हाला हलवायला काही पडत नाही. तरी तुम्हीही एकच जागा पकडून बसता. पंचेचाळीस अंश, वरून, सॉफ्टबॉक्स. मग तार काढून मिळवलं काय?

भाची : काही जण बसतात. मी नाही.

मामा : मग दाखव की.

(पोरानं काठी खाली टेकवली. इतका वेळ तो गप्प होता. त्यानं विचारलं, “ताई, अंतरपाटाच्या वेळी मी नवरीकडे उभा राहू की नवऱ्याकडे?”)

मामा : नवऱ्याकडे. म्हणजे नवरीच्या चेहऱ्यावर समोरून येईल.

भाची : नवरीकडे. नवऱ्याकडे गुरुजी बसणार, त्यांच्या पगडीची सावली अंतरपाटावर पडेल.

मामा : गुरुजी बसल्यावर पगडी कमरेएवढी. लाइट डोक्याच्या वर. सावली पडेल कशी?

भाची : आणि मामा लोक? नवऱ्याकडे त्याचे मामा उभे राहतात, चांगले सहा फुटी. ते बसत नाहीत.

मामा : ते सरकवता येतात.

भाची : मुहूर्ताला मामांना कोण सरकवतं?

(पोरानं दोघांकडे पाहिलं. “तार नाहीच आहे ना,” तो म्हणाला, “मग दोन्हीकडे उभा राहून दाखवतो. मामा, तुम्ही नवऱ्याच्या मामांच्या जागी उभे राहा.” मामा गेले आणि उभे राहिले. भाचीनं पॉवर १/८ वर ठेवली.)